संकरित कोरफड पहिल्या पावसात लावावी का?

प्रश्न : आम्ही ऐरोलीत तळमजल्यावर राहतो आणि घरापुढे छोटी बाग आहे. जानेवारीत घोडबंदर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून ‘ख्रिसमस कॅरोल’ असे लेबल लावलेली एक बुटकी संकरित कोरफड आणली. पाने गडद हिरवी, पानांच्या कडांना आणि पाठीवर लाल खरखरीत दाते. मार्चपर्यंत ती फार छान दिसत होती, पण आता मे महिन्यात पश्चिमेकडच्या पानांवर तपकिरी चट्टे पडले आहेत. गेल्या वर्षी पांढऱ्या पट्ट्यांची एक कोरफड पहिल्या पावसात वाफ्यात लावली होती, ती जुलैअखेर बुडातून सडली. त्याच वाफ्याच्या कडेला सासूबाईंची साधी कोरफड मात्र वर्षानुवर्षे उभी आहे. यंदाचे हे झाड पाऊस सुरू होताच जमिनीत लावावे का? त्याच्या बिया धरता येतील का? आणि सासूबाई विचारतात, की याचा गर घरात वापरला तर चालेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पाऊस तोंडावर आला आहे. हे झाड आत्ता जमिनीत लावू नये. मृगाचा पाऊस पडला की रोपे लावायची, ही आपल्याकडची रीत आहे आणि आंबा, जास्वंद, अनंत, सोनचाफा यांच्यासाठी ती अगदी योग्य आहे. कोरफडीच्या कुळाचे मात्र नेमके उलटे आहे. या झाडाला नवी मुळे धरण्यासाठी उबदार, कोरडी आणि उजेडाची हवा लागते, आणि ठाणे व नवी मुंबईत ती पाऊस गेल्यावर मिळते. म्हणून हा पावसाळा त्याला कुंडीतच, छपराखाली काढू द्यावा आणि ऑक्टोबरमध्ये दसरा-दिवाळीच्या सुमारास जमिनीत लावावे.

हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या तारखांप्रमाणे मुंबई परिसरात मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला माघारी फिरतो. या चार महिन्यांत आपल्या भागात ढोबळ मानाने अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाण्याचा हा आकडा मोठा आहे खरा, पण कोरफडीचा घात केवळ पाणी करत नाही. आफ्रिकेच्या पूर्व भागात आणि मादागास्करमध्ये उन्हाळ्यात भरपूर पावसाच्या सरी झेलणाऱ्या कोरफडी आहेत. त्या खडकांच्या फटींत वाढतात, सर येते, वाहून जाते आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडते. आपल्याकडे जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, माती एकदा भिजली की सुकतच नाही आणि हवा मात्र उबदार असते. मुळांना श्वास घ्यायला मातीत हवेच्या पोकळ्या लागतात. त्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरून मरतात, आणि मेलेल्या मुळांवाटे बुरशी व जिवाणू खोडात शिरतात. गेल्या वर्षीचे झाड पावसाच्या पहिल्या आठवड्यात न जाता जुलैअखेर का गेले, याचे उत्तर यात आहे. सड जमिनीखाली बहुधा पुष्कळ आधी सुरू झालेली असते आणि पाने साठवलेल्या पाण्यावर तोवर हिरवी दिसत राहतात.

आपण पावसात काय करायचे हे झाड कोणाच्या पोटचे आहे यावरही अवलंबून असते, आणि संकरित कोरफड घेताना सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. कोरफडीच्या पाचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांच्यात सहज संकर होतो, म्हणून ‘संकरित’ या एका शब्दाखाली अगदी वेगळ्या स्वभावाची झाडे विकली जातात. दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. तिथल्या जातींचा अंश असलेले संकर उन्हाळ्यात विश्रांती घेतात, आणि नेमक्या त्याच काळात आपण त्यांना कोकणातला पाऊस दाखवतो. सोनेरी दात्यांमुळे ‘गोल्ड टूथ’ म्हणून मिळणारे झाड या गटातले. त्याला पावसाळ्यात जवळजवळ कोरडेच ठेवावे लागते. याउलट आपल्या झाडासारख्या बुटक्या, खरखरीत आणि रंगीत संकरांच्या मुळाशी बहुतांशी मादागास्करच्या ठेंगण्या जाती आहेत: ॲलो डेस्कॉइंगसाय, ॲलो हॉवर्थिऑइडिस, ॲलो बेकेराय अशा. त्या बेटावर आपल्याप्रमाणेच उष्ण महिन्यांत पाऊस पडतो आणि थंडीचे महिने कोरडे जातात, म्हणून ही झाडे आपल्या ऋतुचक्राशी लवकर जुळवून घेतात. ‘ख्रिसमस कॅरोल’ हे कॅलिफोर्नियाचे संकरक केली ग्रिफिन यांनी तयार केलेले झाड आहे आणि ठाणे-नवी मुंबईसाठी ते चांगलेच निवडलेले झाड आहे, असे माझे मत आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. वर नावे घेतलेल्या तीनही जाती निसर्गात इतक्या मर्यादित जागी उरल्या आहेत, की वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात त्यांचा समावेश आहे. रोपवाटिकेत वाढवलेला संकर घेतल्याने त्या डोंगरावरून उपटलेल्या झाडाची मागणी कमी होते. संकरित म्हणजे अस्सल नव्हे, म्हणून कमी दर्जाचे, असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा. त्याच परिशिष्टात लेसोथोच्या उंच पर्वतांवरची चक्राकार पानांची ॲलो पॉलिफायलाही आहे. तिचे फोटो पाहून पुष्कळ जण ऑनलाइन बिया मागवतात. थंड डोंगराळ हवेतले ते झाड आपल्या दमट उकाड्यात टिकत नाही, तेव्हा त्या मोहात पडू नये.

आता सासूबाईंच्या कोरफडीविषयी. ती अरबस्तानच्या द्वीपकल्पातून शतकानुशतकांपूर्वी आपल्याकडे आलेली, मोठ्या अंगाची जात आहे. एका पानात भरपूर पाणी, बुंध्याभोवती पिल्लांची दाटी, आणि वर्षानुवर्षे मुरलेली मुळे असल्याने एखादा पावसाळा तिची काही मुळे घेऊन गेला तरी तिचे भागते. दाराच्या चौकटीला उलटी टांगलेली कोरफड मातीवाचून महिनोन्महिने हिरवी राहते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तरीही तिच्या जागेकडे एकदा नीट पाहावे. वाफ्याच्या कडेला म्हटले आहे, त्याअर्थी तिथून पाणी वाहून जात असावे किंवा वर सज्जाचा थोडा आडोसा असावा. ऑक्टोबरमध्ये नव्या झाडासाठी जागा शोधताना ही खूण उपयोगी पडेल. पांढऱ्या पट्ट्यांच्या झाडाची गोष्ट निराळी आहे. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते, त्यामुळे ते झाड अन्न कमी तयार करते आणि जखम भरून काढण्याची ताकदही त्याच्यात कमी असते.

पश्चिमेकडच्या पानांवरचे तपकिरी चट्टे हा रोग नसून उन्हाचा भाजा आहे. आपल्याकडे मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो. जानेवारीत दक्षिणेकडे झुकलेले जे ऊन कोवळे लागत होते, तेच ऊन त्याच जागी आता उभे पडते. त्यात पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि संध्याकाळपर्यंत उष्णता परत फेकत राहते. हे तीन रंग ओळखायला शिकावे. पान लालसर झाले पण कडक आणि भरलेले असेल, तर तो झाडाचा स्वतःचा रंग आहे, उजेड मिळाल्याची खूण आहे. चट्टा तपकिरी, कोरडा, बोटाला कागदासारखा लागणारा आणि उन्हाच्या एकाच बाजूला असेल, तर तो भाजा. तो भरून येत नाही, पण पसरतही नाही, म्हणून ती पाने कापू नयेत. नवी पाने आली की ती आपोआप खाली जातात. डाग काळपट, ओलसर, दाबल्यास मऊ लागणारा आणि बुंध्याच्या बाजूने वर चढणारा असेल, तर ती सड आहे आणि तिथे एक दिवसही थांबून चालत नाही. सध्या कुंडी अशा ठिकाणी हलवावी जिथे सकाळी दहा-साडेदहापर्यंतचे ऊन मिळेल आणि नंतर लख्ख उजेड पण सावली असेल. एकदम अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र नेऊ नये, कारण मग पाने लांबट व फिकट होतात आणि झाडाचा बांधेसूद घाट जातो.

जूनपूर्वी जे काम खरोखर करायचे आहे ते मातीचे. कुंडीत एक लोटा पाणी एकदम ओतून पाहावे. ते क्षणभर वर थांबून लगेच खालच्या भोकातून वाहू लागले, तर माती ठीक आहे. पाणी वर तळे करून उभे राहिले, तर ती माती या पावसाळ्यात झाडाचा बळी घेणार, असे समजून बदलावी. नर्सरीतली रोपे बहुधा कोकोपीटमध्ये किंवा नुसत्या चिकट लाल मातीत असतात. कोकोपीट वरून सुकलेले दिसते आणि आत चिंब असते. लाल माती एकदा दाबली गेली की विटेसारखी घट्ट होते. झाड कुंडीतून हलकेच काढावे, जुनी माती बोटांनी झाडून टाकावी, पोकळ किंवा काळी मुळे कापावीत, आणि झाड सावलीत उघड्या मुळांनी चार-पाच दिवस ठेवून द्यावे. वाचताना हे निर्दय वाटेल, पण त्याला काही होत नाही. उलट मुळांच्या जखमा सुकतात आणि सडीला वाट मिळत नाही.

नव्या मिश्रणात लाल मातीचा वाटा चौथा हिस्सा पुरे. निम्मा भाग खरखरीत, कडक वस्तूंचा असावा: चाळून धूळ काढलेली बारीक खडी, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे, किंवा बांधकामाला वापरतात तो मुरूम. मुरूम आपल्याकडे सहज मिळतो आणि या झाडांना तो फार मानवतो, फक्त त्यातली माती धुऊन घ्यावी. उरलेल्या चौथ्या हिश्शात जाड वाळू आणि मूठ-दोन मूठ चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घालावे. खाडीकाठची वाळू वापरू नये, तिच्यात मीठ असते. कुंडी मातीची, उथळ आणि मुळांच्या पसाऱ्यापेक्षा जेमतेम बोटभर मोठी घ्यावी. मोठ्या कुंडीत झाड ऐसपैस वाढेल असे वाटते, पण मुळे पोहोचत नाहीत ती माती ओलीच राहते. लावल्यानंतर आठवडाभर पाणी देऊ नये.

पावसाळ्यात कुंडीवर छप्पर हवे, ते पारदर्शक पत्र्याचे असावे, आणि बाजू उघड्या असाव्यात. निळ्या ताडपत्रीने चहूबाजूंनी झाकले तर पाऊस थांबतो, पण आत वाफ कोंडते आणि झाड तिथेही सडते. तळमजल्यावर वाऱ्याने येणारे तुषार अडवता येत नाहीत, म्हणून कुंडी जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा स्टुलावर ठेवावी आणि किंचित कलती करावी. या झाडाचा पाकळीदार गाभा पाणी धरून ठेवतो आणि ढगाळ दिवसांत ते आटत नाही. कलत्या कुंडीतून ते निथळून जाते. कुंडीखालची ताटली चार महिने काढूनच ठेवावी. पाणी द्यायचे की नाही हे वारावर ठरवू नये. उदबत्तीची रिकामी काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून थोड्या वेळाने काढावी. तिला ओल किंवा माती चिकटली तर पाणी नको. जुलै-ऑगस्टमध्ये काही वेळा महिनाभर पाणी द्यावे लागत नाही. खतही या काळात देऊ नये. लाल रंग उतरून झाड हिरवे होईल, त्याची चिंता करू नये. ऊन आले की रंग परत येतो. गोगलगायींवर मात्र लक्ष ठेवावे. पावसाळ्यात आपल्या बागांतून फिरणारी मोठी आफ्रिकी गोगलगाय रात्री कोवळा गाभा कुरतडते. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन, हातमोजे घालून तिला वेचणे हाच खात्रीचा उपाय आहे. मीठ टाकून मारू नये, कारण ते मीठ आपल्याच मातीत उतरते.

इतके करूनही सड दिसली, तर झाड उपटून, स्पिरिटने पुसलेल्या धारदार सुरीने खालून खोड कापत जावे. कापलेल्या चकतीत तपकिरी वर्तुळ किंवा ठिपके दिसत असतील तोवर कापत राहावे आणि प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसावी. स्वच्छ, फिकट चकती दिसली की थांबावे, खालची दोन-तीन पाने काढून टाकावीत, आणि वरचा शेंडा हवेशीर सावलीत आठ-दहा दिवस सुकवून कोरड्या खडीवर नुसता टेकवून ठेवावा. शेंड्याला पुन्हा मुळे फुटतात.

ऑक्टोबरमध्ये जमिनीत लावताना खड्डा खणू नये. आपल्या सपाट बागेतला खड्डा पुढच्या पावसाळ्यात पाण्याची वाटीच होतो. जमिनीच्या वर किमान फूटभर उंचीचा गादीवाफा करावा. तळाला विटांचे रोडे, त्यावर मुरूम आणि वर कुंडीसाठी सांगितलेले मिश्रण. वाफ्याला एका बाजूला उतार द्यावा आणि तो उतार कुंपणाकडे किंवा गटाराकडे असावा, घराच्या भिंतीकडे नव्हे. जागा पूर्वेची किंवा आग्नेयेची, शक्य तर सज्जाखालची निवडावी. तुळशीजवळ किंवा रोज पाणी लागणाऱ्या फुलझाडांजवळ लावू नये. त्यांना घातलेले पाणी याच्याही मुळाशी जाते. बुंधा मातीच्या पातळीपेक्षा थोडा वर ठेवावा आणि पानांखाली बारीक खडीचा दोन बोटे थर पसरावा, म्हणजे खालची पाने ओल्या मातीला टेकत नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात आठवड्याला एकदा पाणी दिले तर झाड जोमाने मुळे धरते, आणि पुढच्या जूनपर्यंत पावसाला तोंड देण्याइतके मोठे होते. तरीही वाफ्यावर चार काठ्या रोवून पारदर्शक पत्रा टाकण्याची सोय आजच मनात ठेवावी. मी तर अशी महागडी झाडे आपल्या भागात कायमची कुंडीतच ठेवावीत या मताचा आहे, पण आपल्याला बागेतच हवे असेल तर ते अशा रीतीने शक्य आहे.

किडींपैकी पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण नेहमीचा. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढावा. त्याहून गंभीर आहे तो डोळ्यांना न दिसणारा कोळी. पानांवर किंवा फुलांच्या दांड्यावर वेड्यावाकड्या, फोडांसारख्या गाठी आल्या तर त्याचा उपद्रव समजावा. दातेरी संकरांत तो आरंभी लक्षात येत नाही, कारण पानांचा मूळ घाटच खडबडीत असतो. असा भाग निरोगी पेशींपर्यंत कापून पिशवीत बंद करून कचऱ्यात टाकावा, कंपोस्टमध्ये टाकू नये. नवे झाड आणले की महिनाभर इतरांपासून दूर ठेवावे, ते यासाठीच.

सासूबाईंना नम्रपणे सांगावे, की याचा गर खाण्यासाठी किंवा लावण्यासाठी वापरू नये. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक साध्या जातीतही तीव्र रेचक असतो. तोच आटवून काळा बोळ तयार होतो आणि तो देण्याचे काम वैद्यांचे आहे. शोभेच्या संकरात तर कोणकोणत्या जातींचे गुण उतरले आहेत हे कोणी तपासलेले नसते, आणि आफ्रिकेतल्या काही मोजक्या जाती उघडपणे विषारी आहेत. शिवाय नर्सरीतल्या शोभेच्या झाडांवर कीटकनाशके मारलेली असू शकतात. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर त्यालाही ही पाने चघळू देऊ नयेत. केसांना आणि त्वचेला लावायला त्यांची जुनी कोरफड आहेच.

राहिला बियांचा प्रश्न. एकटे झाड सहसा स्वतःच्या परागांनी बी धरत नाही. फुलांवर शिंजीर येतील, मध पितील, आणि तरी शेंगा धरणार नाहीत, यात झाडाचा दोष नाही. आणि दुसऱ्या एखाद्या कोरफडीशी संकर होऊन बी धरलेच, तरी त्यातून ‘ख्रिसमस कॅरोल’ उगवणार नाही. प्रत्येक रोप निराळे निघेल. हेच झाड वाढवायचे असेल तर बुंध्याशी येणारी पिल्लेच वेगळी करावीत. पिल्लू आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढे झाले आणि त्याला स्वतःची मुळे आली, की नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते तोडावे, जखम सुकू द्यावी आणि छोट्या कुंडीत लावावे. पण आपल्याला स्वतः संकर करून पाहायची हौस असेल तर तीही जरूर पुरवावी. दोन निराळ्या कोरफडी एकाच वेळी फुलल्या, की सकाळी एकीचे पराग मऊ कुंचल्याने दुसरीच्या स्त्रीकेसरावर लावावेत, ज्या फुलाला लावले त्याला रंगीत दोरा बांधावा, आणि शेंग सुकून फुटण्याच्या बेताला आली की कागदी पिशवीत धरावी. ताज्या बिया खडीच्या मिश्रणावर पेरून वरून अगदी पातळ वाळू भुरभुरावी. कुंडीवर आई आणि बाप या दोन्ही झाडांची नावे त्याच दिवशी शिसपेन्सिलीने लिहून ठेवावीत. शाईची नावे पाऊस धुऊन नेतो आणि शिसपेन्सिलीची टिकतात.